मायक्रोबियल रेनेट वापरूनही गौडा कोशर का होत नाही, आणि पनीरचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाईच्या दुधाचं गौडा, मोझरेला, फेटा आणि पनीर करणारं छोटं युनिट आहे. पाचशे लिटरचा एक व्हॅट, रेनेट, म्हणजे दूध साकळवणारं विकर, मायक्रोबियल (सूक्ष्मजीवांपासूनचं), पाकिटावर हिरवा ठिपका. मुंबईच्या एका ज्यू केटररनं घटकांची यादी वाचली, एकाही नावावर बोट ठेवलं नाही, आणि तरी सांगितलं की पनीरचं रब्बींना (ज्यू धर्मगुरूंना) विचारून कळवतो, बाकीचं चीज मात्र घेता येणार नाही. प्राणिज काहीच नाही तर अडचण कसली, आणि ती दूर करायची तर काय करावं लागेल, हे तुम्हाला हवं आहे.

केटरर बरोबर सांगतोय. कोशर म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे खायला चालणारं. हिरवा ठिपका मालात काय आहे ते सांगतो. चीजच्या बाबतीत ज्यू धर्मनियम आणखी एक गोष्ट विचारतात: दूध साकळलं तेव्हा तिथे कोण होतं? त्या वेळी धर्म पाळणारा ज्यू माणूस हजर नसेल, तर ते ‘गविनात अकूम’, म्हणजे ज्यूंखेरीज इतरांनी केलेलं चीज, आणि ते खायचं नाही. तो हजर असेल, शिवाय घटक आणि भांडी ठीक असतील, तर तुमच्याच व्हॅटमधलं, तुमच्याच कारागिरांनी दाबलेलं चीज ‘गविनात यिसराएल’ होतं. कोशर तपासणीत डेअरीवाल्यांशी पहिलं बोलणं बहुतेक वेळा इथेच अडतं. ते प्रमाणपत्रांची जाड फाइल पुढे ठेवतात, आणि या एका गोष्टीचं उत्तर त्या फाइलमध्ये कुठेच नसतं. म्हणून आधी कारण सांगतो, मग व्यवस्था.

मिश्ना हा इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेला ज्यू कायद्याचा मूळ संग्रह. त्यातल्या ‘अवोदा झारा’ या भागाच्या दुसऱ्या अध्यायात दोन रब्बी वाटेनं चालले आहेत. रब्बी यिश्माएल विचारतात, परक्यांचं चीज का निषिद्ध केलं? रब्बी येहोशुआ म्हणतात, ते विधिवत न कापलेल्या जनावराच्या जठरानं दूध साकळवतात म्हणून. यिश्माएल त्यावर शंका काढतात. मग दुसरं कारण येतं, मूर्तीला वाहिलेल्या वासरांच्या जठराचं. त्यावरही शंका येते. तेव्हा येहोशुआ विषयच बदलतात आणि बायबलमधल्या गीतरत्नातल्या एका ओळीचा उच्चार कसा करतोस, असं विचारतात. पुढे तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथात, याचा खुलासा आहे: एरेत्झ यिसराएलमध्ये (इस्राएलच्या भूमीत) नवा हुकूम काढला की बारा महिने त्याचं कारण सांगत नसत. कारण एखाद्याला पटलं नाही तर तो हुकूमच हलक्यात घेईल, ही भीती.

कारणं काय होती यावर तालमूदमध्ये एकमत नाही. कुणी म्हणतं, उघड्या राहिलेल्या दुधात सापाचं विष असेल. कुणी म्हणतं, चीजच्या वड्यांना वरून डुकराची चरबी चोळत. कुणी व्हिनेगरचं नाव घेतं, कुणी लावणीच्या पहिल्या तीन वर्षांतल्या निषिद्ध झाडाच्या चिकाचं. कुणी म्हणतं, चीजच्या फटींत न साकळलेल्या दुधाचे थेंब राहतात आणि त्यात निषिद्ध जनावराचं दूध असू शकतं. सगळ्यात वजनदार ठरलं ते तालमूदमधल्या शमुएल या विद्वानाचं कारण, जठराच्या कातड्याचं. दूधपित्या वासराच्या पोटातल्या चौथ्या कप्प्याच्या अस्तरात दूध साकळवणारं विकर असतं, तेच पारंपरिक रेनेट. वासरू कोशर पद्धतीनं कापलेलं नसेल तर त्याचं मांस निषिद्ध, म्हणून अस्तरही निषिद्ध.

इथे तुम्हाला वाटेल, पाच हजार भाग दुधात एक भाग रेनेट, एवढ्याशानं काय होतंय? एरवी निषिद्ध पदार्थ साठ पटीत विरला की बहुतेक वेळा नगण्य धरतात. पण पदार्थाला घट्टपणा किंवा आकार देणारी वस्तू कितीही थोडी असली तरी नगण्य होत नाही, असा स्वतंत्र नियम आहे. तिचं काम समोर दिसत असतं. उलट, विधिवत कापलेल्या वासराचं रेनेट असेल तर चीज चालतं, कारण दूध आणि मांस एकत्र करायला मनाई असली तरी तिचा निवाडा चवीवर होतो आणि इतक्या थोड्या रेनेटची चव लागत नाही.

मग मायक्रोबियल रेनेट आलं, १९९० साली अमेरिकेत आंबवणुकीतून केलेल्या कायमोसिनला (रेनेटमधल्या मुख्य विकराला) मान्यता मिळाली, आज जगातलं बरंचसं चीज वासराच्या जठराशिवाय होतं. कारण संपलं, तर हुकूमही संपायला हवा? नाही. विद्वानांच्या सभेनं मत घेऊन केलेला हुकूम कारण नाहीसं झालं तरी उठत नाही. आणि हा मुद्दा आजचा नाही. वनस्पतींच्या चिकानं आणि फुलांनी दूध साकळवण्याची पद्धत जुनीच. फ्रान्समधल्या नारबोनच्या विद्वानांनी फुलांनी साकळवलेलं चीज चालवून घेतलं होतं. पण बाराव्या शतकात रांबाम (मैमोनिदीस) यांनी वनस्पतीनं साकळवलेलंही निषिद्ध ठरवलं, आणि योसेफ कारो यांच्या १५६५ साली छापलेल्या ‘शुल्हान आरुख’ या धर्मनियमांच्या संहितेत तेच कायम झालं. तुमचं मायक्रोबियल रेनेट त्याच जुन्या ‘वनस्पतीच्या’ खान्यात बसतं. म्हणून रेनेटची बाटली बदलून हा प्रश्न सुटत नाही.

आता हजर असणं म्हणजे नेमकं काय, यात दोन मतं आहेत, आणि तुमचा खर्च त्यावर ठरतो. क्राकोचे रब्बी मोशे इस्सेर्लेस, ज्यांना ‘रमा’ म्हणतात, त्यांच्या मते ज्यू माणसानं चीज होताना पाहिलं की पुरे. सतराव्या शतकातले रब्बी शब्बताई हकोहेन, म्हणजे ‘शाख’, म्हणतात की मालक ज्यू नसेल तर ज्यू माणसानं स्वतःच्या हातानं रेनेट घालायला हवं; चीज ज्यूच्या मालकीचं असेल तर पाहणं पुरतं. व्यवहारात दोन्ही मतं साधतील असंच करतात: रेनेट मशगियाख, म्हणजे कोशर पर्यवेक्षक, घालतो. तुम्हीही तोच धडा धरा. सोप्या मतावर भागवलेला माल कडक मताच्या ग्राहकाला विकता येत नाही, आणि फरक काय तर एक भांडं ओतण्याचा.

काही गोष्टी मी इथून ठरवू शकत नाही, त्या ग्राहकावर आहेत. मुंबई-ठाण्यातली बेने इस्राएल कुटुंबं, बगदादी ज्यू, इस्रायलहून आलेले प्रवासी, खबाद या ज्यू संघटनेकडे जेवणारे, या सगळ्यांचं पाळणं एकाच मापाचं नाही. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह प्रवाहात बाजारातलं साधं चीज खाणारे पुष्कळ आहेत. एखादं मराठी ज्यू कुटुंब तुमचं गौडा आनंदानं घेईलही. पण केटररचं तसं नसतं. त्याच्या ताटावर कडक पाळणारा आणि सैल पाळणारा शेजारी बसतात, त्यामुळे तो वरच्या मापानंच माल घेणार.

पनीरकडे येतो, कारण तुमच्या धंद्यात आधी उत्पन्न देणारी वस्तू तीच आहे. पनीर रेनेटनं होत नाही, आम्लानं होतं. दूध ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवायचं, किंचित उतरवायचं, एक-दोन टक्क्यांचं सायट्रिक आम्लाचं गरम पाणी घालायचं, दूध फाटतं. हुकूम जठराच्या कातड्यावरून आलेला; मग आम्लानं फाडलेल्या दुधाला तो लागतो का? काही रब्बी म्हणतात, चीज म्हणजे चीज, हुकूम सगळ्याला. बरेच म्हणतात, दही जसं आपोआप लागतं तसं हेही आंबटपणानं फाटतं, हुकमाच्या कक्षेत येत नाही. रब्बी मोशे फाइनश्टाइन (१८९५–१९८६) यांनी कॉटेज चीजबद्दल लिहिताना स्वतःहून मोकळीक द्यायला हात आखडता घेतला, पण जे खातात त्यांना अडवू नये, असंही सांगितलं. अमेरिकेतली ओयू ही मोठी संस्था आम्लानं केलेल्या चीजला हा हुकूम लावत नाही. म्हणजे तुमचा केटरर पनीरसाठी रब्बींना विचारतो म्हणाला, ते टाळण्यासाठी नव्हतं. तिथे खरोखरच दोन मतं आहेत.

पण पनीर सुटलं म्हणून निर्धास्त होऊ नका. पनीरमध्ये चार जागी पाय घसरतो.

पहिली जागा निवळीची, म्हणजे चीज किंवा पनीर होताना सुटणाऱ्या पाण्याची. आंबवलेल्या निवळीनं दूध फाडण्याची चांगली पद्धत आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी आहे. पनीर मऊ होतं, आम्लाचा खर्च वाचतो. ती निवळी कालच्या गौडाची किंवा मोझरेलाची असेल, तर तुम्ही गविनात अकूममधून निघालेला पदार्थ उकळत्या दुधात घालताय आणि त्यानंच ते साकळवताय. कोशरसाठीच्या पनीरला फक्त पनीरचीच निवळी, नाहीतर सरळ सायट्रिक आम्ल.

दुसरी जागा भांड्याची. ज्या वाफेच्या कढईत मोझरेला ताणता तिथेच पनीरचं दूध तापवत असाल तर उष्णतेनं भांड्यात मुरलेला अंश पनीरमध्ये उतरतो, असं धरतात.

तिसरी जागा व्हिनेगरची. ऊस किंवा कृत्रिम आम्लाचं असेल तर कागद पाहून चालेल. द्राक्षाचं असेल तर वाइनचे वेगळे, आणि याहून कडक, नियम लागतात.

चौथी जागा पनीर दाबायच्या कापडाची. तेच मलमल गौडाच्या साच्यात वापरू नका, नवं घ्या आणि रंगीत दोरा शिवून वेगळं ठेवा. कापडाचा खर्च नगण्य आहे, पण कुठलं कापड कुठलं यावरून तपासणीत होणारा खोळंबा नगण्य नसतो.

कॉटेज चीज आणि क्रीम चीज ‘आम्लाचं’ म्हणून विकलं जातं, पण कर्ड (साकळलेल्या दुधाचा गोळा) नीट धरावा म्हणून त्यात कणभर रेनेट घालणारे खूप आहेत. तुम्ही पुढे हे करणार असाल तर कृतीतलं ते रेनेट लपवू नका. रब्बी आधी तेच विचारतात.

आता रेनेटच्या चीजची दिवसभराची कृती पाहू. पाचशे लिटर दूध ६३ अंशांवर ३० मिनिटं पाश्चराइझ होतं, ३१-३२ अंशांवर येतं. कल्चर (विरजणाचे जिवाणू) जातं, अर्धा-पाऊण तास थांबायचं. कॅल्शियम क्लोराइड जातं. इथपर्यंत तुमचे लोक काम करतील; हुकमाचा संबंध अजून आलेला नाही. मग रेनेट. साधारण ताकदीचं द्रव रेनेट १०० लिटरला २० मिलीच्या आसपास लागतं, बाटलीवरची ताकद पाहून कमी-जास्त. व्हॅटला १०० मिली, ते वीसपट थंड, बिनक्लोरीनच्या पाण्यात मिसळलेलं. ते दोन लिटरचं भांडं मशगियाख स्वतः व्हॅटवर फिरवत ओततो. तुमचा माणूस दोन मिनिटं ढवळतो आणि फावडं उलट धरून दूध थांबवतो. बारा-पंधरा मिनिटांत दूध धरू लागतं, पस्तीस-चाळीस मिनिटांत सुरी घातल्यावर स्वच्छ चीर पडते. कापणं, ढवळणं, निवळी काढणं, साच्यात भरणं, दाबणं, उलटणं या सगळ्याला ज्यू हात लागण्याची गरज नाही. कायद्याच्या दृष्टीनं तो ओतण्याचा मिनिटच सगळं ठरवतो.

आणि बिघडतं ते तिथेच. मशगियाख रस्त्यात अडकला आहे, कल्चर टाकून सव्वा तास झाला, आम्लता चढते आहे. अजून थांबलं तर गौडा आंबट आणि भुसभुशीत होईल, हे तुमच्या कारागिराला कळतं. तो चांगल्या हेतूनं रेनेट ओतून मोकळा होतो. तो व्हॅट गेला. दूध एकदा साकळलं की मागून कुणी येऊन ते कोशर करू शकत नाही. ना प्रार्थनेनं, ना कागदानं. तो माल नेहमीच्या बाजारात विकायचा आणि वेगळा ठेवायचा. यावर दोन साधे उपाय आहेत. मशगियाख फाटकातून आत आल्याशिवाय कल्चर टाकायचं नाही. पाश्चराइझ केलेलं दूध तोवर ४ अंशांवर थांबू शकतं, कल्चर पडलेलं दूध थांबत नाही. आणि रेनेटची बाटली कुलूपबंद फ्रिजमध्ये, किल्ली मशगियाखकडे. कुलूप अविश्वासासाठी नाही. घाईच्या वेळी हात बाटलीकडे जाणारच, म्हणून ते हवं.

याच जातीची एक बारीक चूक सांगतो. दूध पातळ धरतंय असं दिसल्यावर पाच मिनिटांनी वरून थोडं रेनेट आणखी घालायची सवय काहींना असते. तो दुसरा डोसही मशगियाखनंच घालायचा. आणि मोठ्या डेअरीत रेनेट पंपानं जातं, तिथे पंपाचं बटण तो दाबतो. तुमच्या आकाराच्या युनिटला पंपाची गरज नाही.

कॅमेरा लावून भागेल का? शाखच्या मतानं चालणाऱ्यांसाठी नाही, कारण तिथे हात हवा. रमाच्या मतानं पाहणं पुरतं, पण कॅमेऱ्यातून पाहणं म्हणजे पाहणं का, हे प्रमाणपत्र देणारी संस्था ठरवेल. आधी लेखी विचारा, मग कॅमेरा घ्या.

वाराचा हिशोबही इथेच. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत मशगियाख काम करणार नाही, सणांनाही नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात रोश हशाना ते सिम्हात तोरा हे सण लागोपाठ येतात, त्या तीन-साडेतीन आठवड्यांत काम मोडत-मोडत होतं. म्हणून रोज मशगियाख बोलावण्याच्या भानगडीत पडू नका. गौडा तसंही महिनोन्महिने पिकतं. महिन्यातले लागोपाठ दोन-तीन दिवस कोशरसाठी राखा, सकाळी एक आणि दुपारी एक असे व्हॅट लावा, आणि वर्षभर पुरेल इतकं पिकत ठेवा. मोझरेलाला हे जमत नाही, ते ताजं विकायचं असतं. त्यामुळे माझा सल्ला, सुरुवात गौडापासून करा आणि मोझरेलाचा विचार मागणी नक्की झाल्यावर.

भांड्यांबद्दल आता थोडं सविस्तर, कारण लोक रेनेटच्या मिनिटाला जपतात आणि इथे माल घालवतात. चव भांड्यात मुरते ती दोन मार्गांनी: उष्णतेनं, आणि फार वेळ भिजून. उष्णतेची रेघ हात पोळून मागे यावा इतक्या तापमानावर आखतात. निरनिराळे रब्बी ती ४३ ते ४९ अंशांच्या दरम्यान धरतात. गौडाचा कर्ड तुम्ही ३६-३८ अंशांवर शेकता, म्हणजे रेघेच्या खाली. त्या व्हॅटचं काम तुलनेनं सोपं. मोझरेलाचं तसं नाही. ताणायचं पाणी ७५-८० अंशांचं, कर्ड स्वतः ५५ च्या वर जातो. ती कढई आणि ते फावडे मुरलेले धरायचे. त्यांचं ‘कशेरिंग’ करावं लागतं: कणही राहणार नाही असं धुवायचं, २४ तास कोरडं आणि बंद ठेवायचं, मग काठोकाठ पाणी भरून खळखळ उकळवायचं आणि उकळतं पाणी काठावरून वाहू द्यायचं. वाफेच्या जॅकेटची कढई असेल तर हे सहज होतं. हे मशगियाखच्या समोर होतं, आधी करून ठेवलं असं सांगून चालत नाही.

भिजण्याचा नियम २४ तासांचा आहे: एवढा वेळ द्रवात राहिलं की शिजल्यासारखंच. आणि तुमचं गौडा, साडेचार किलोचं चाक असेल तर, १८-२० टक्के मिठाच्या पाण्यात दोन-तीन दिवस पडून असतं. ते ब्राइन कुणी रोज बदलत नाही. गाळतात, मीठ घालतात, महिनोन्महिने तेच चालवतात, आणि चवीच्या दृष्टीनं ते बरोबरही आहे. पण त्या पाण्यात आजवरचं सगळं गविनात अकूम भिजलेलं आहे. रेनेट मशगियाखनं घातलं, साचे नवे आणले, आणि चाकं जुन्या ब्राइनमध्ये सोडली, तर केलेलं सगळं पाण्यात. वेगळी टाकी, नवं ब्राइन, वेगळं झाकण, त्यावर खूण. नव्या ब्राइनमध्ये कॅल्शियम कमी आणि आम्लता वेगळी असल्यानं पहिल्या खेपेला चाकांची साल बुळबुळीत होते; थोडं कॅल्शियम क्लोराइड घालून आणि आम्लता चीजच्या जवळपास आणून तो दोष जातो. फेट्याचंही असंच, ते तर डब्यातच ब्राइनमध्ये राहतं. प्लॅस्टिकचे साचे आणि पिकवायच्या लाकडी फळ्या जुन्या वापरू नका. त्यांचं कशेरिंग करण्याच्या वादात जाईल त्यापेक्षा नव्या स्वस्त पडतात.

घटकांची फाइल तुमच्याकडे आहेच, ती तपासणीच्या नजरेनं पुन्हा चाळा. प्रत्येक वस्तूचं प्रमाणपत्र नावावर नाही, कोडवर जुळलं पाहिजे. एकाच कंपनीचं एक कल्चर कोशर असतं आणि शेजारचं नसतं, कारण ते कशावर वाढवलं हे निराळं असतं. मुदत संपलेली नाही ना पाहा. फेट्यात तिखटपणासाठी लायपेज (चरबी फोडणारं विकर) घालत असाल तर ते बहुधा करडू किंवा वासराच्या ग्रंथींतलं असतं. ते असेल तर हिरव्या ठिपक्याचाही प्रश्न आहे, सूक्ष्मजीवजन्य घ्या. रंगाचं अनाटो कशात विरघळवलं आहे, चाकावरच्या लेपात काय आहे, मेण कुणाचं, हे लिहून ठेवा. वाइननं धुतलेलं चीज या यादीतच नको.

दुधाचा प्रश्न चीजहून वेगळा आहे, आणि दोन्हींची गल्लत करू नका. ज्यू माणसाच्या देखरेखीत काढलेलं दूध म्हणजे ‘हलाव यिसराएल’. फाइनश्टाइन यांनी अमेरिकेतल्या सरकारी तपासणीवर भिस्त ठेवून बाजारातलं दूध चालवून घेतलं, आणि अनेक कोशर चीज त्या दुधाचं होतं. पण ती मोकळीक दुधापुरती आहे, चीजच्या हुकमाला ती लागत नाही. भारतातल्या दुधाला ती लागू करायची का, हे तुमचे रब्बी ठरवतील. तुमचा स्वतःचा गोठा असेल तर मात्र मी हलाव यिसराएलच करायला सांगेन. मशगियाख धारेच्या आधी येऊन रिकामे कॅन पाहतो, गोठ्यात निषिद्ध जनावर नाही हे पाहतो आणि तिथे बसतो. प्रत्येक सडाकडे डोळे लावून बसावं लागत नाही. उठला तर दिसेल इतक्या अंतरावर असला तरी मिश्नाच्या काळापासून चालत आलं आहे. तो नाहीतरी रेनेटसाठी येणारच आहे, दोन तास आधी आला की तुमचा माल सगळ्यात कडक ग्राहकालाही चालतो.

माल तयार झाल्यावर तो तोच आहे हे सिद्ध व्हायला हवं. मशगियाखच्या वहीत तारीख, व्हॅट क्रमांक, दुधाचे लिटर, रेनेटचा लॉट, ओतल्याची वेळ आणि चाकांची संख्या असते. गाईच्या दुधाला साधारण दहा टक्के उतारा धरला तर ५०० लिटरची ५० किलो, म्हणजे साडेचार किलोची अकरा चाकं. पिकवायच्या खोलीत महिन्यानं बारा निघाली तर कुठलं तरी एक बाहेरचं आहे, आणि ते कोणतं हे सांगता येत नसेल तर सगळीच अडकतात. म्हणून चाक साच्यात असतानाच त्यावर खूण दाबली जाते, कागदाची चिठ्ठी नंतर चिकटवत नाहीत. पाठवताना किती मोहोरा लागतात यालाही नियम आहे. मांस आणि वाइन परक्याच्या हाती पाठवायची तर मोहोरेच्या आत मोहोर लागते. हिंग, माशांचं खारवण, पाव आणि चीज या चार वस्तूंना तालमूद एकाच मोहोरेवर सोडतं. आजच्या भाषेत, मशगियाखची सही असलेलं फाडल्याशिवाय न निघणारं एक सील. कापून, किसून पाकिटं भरणार असाल तर मात्र तो पुन्हा हजर हवा.

बाकीच्या मालाचं पटकन सांगतो. प्रोसेस्ड चीज आणि पिझ्झा ब्लेंड हे तयार चीज ७५-८५ अंशांवर वितळवून होतं, त्यामुळे मूळ चीज जसं, तसं तेही. रिकोटा निवळीतून होतो, म्हणजे निवळी कुठल्या चीजची हा प्रश्न आधी. दही आणि श्रीखंड चीजच्या हुकमात येत नाहीत, दूध, कल्चर आणि भांडी पाहिली की झालं. लोणी आणि तुपाबद्दल ‘शुल्हान आरुख’च स्थानिक रिवाजाकडे बोट दाखवतो, तेव्हा रब्बींना विचारा.

आता क्रम. केटररला आज उत्तर द्या की गौडा आणि मोझरेला आत्ताच्या रूपात कोशर नाही हे तुम्हाला कळलं आहे, आणि पनीरची पूर्ण कृती सोबत पाठवा: दूध कुठलं, किती तापवता, कशानं फाडता, निवळी वापरता की नाही, त्या भांड्यात आणखी काय होतं, कुठल्या पाण्यात थंड करता आणि किती तास. रब्बींचा होकार-नकार या सहा उत्तरांवर येतो. नुसती घटकांची यादी पाठवली तर ते हेच परत विचारतील. पनीरला होकार आला तर त्याची कढई आणि कापडं त्या दिवसापासून वेगळी करा. गौडासाठी किती किलो उचलणार हे केटररकडून लेखी घ्या, मग मशगियाखचे दिवस, नवी टाकी आणि साचे यांचा खर्च त्या किलोंवर भागून भाव काढा. आणि लेखी हेक्षेर, म्हणजे कोशर असल्याची मान्यता, हातात येईपर्यंत पाकिटावर ‘कोशर’ हा शब्द छापू नका. पनीरवरही नाही.